घालून दाखवा

आमच्या गल्लीत मदतीचे कपडे पिशवीतून आणत नाहीत, अंगावर घालून आणतात.

गेल्या पावसाळ्यात कल्याणला खाडीकडच्या वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा आम्ही नेहमीसारखा गेटपाशी लाकडी स्टँडवर कॅरमचा बोर्ड मांडून बसलेलो. समोरच्या नव्या टॉवरमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या एका बाईंना गॅलरीतून दिसलं, की सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अंगात एकावर एक तीन शर्ट, त्यावर स्वेटर आणि खांद्यावर दोन साड्या टाकून, घामाने निथळत जिना उतरतायत. बाईंनी खाली येऊन वॉचमनला हळूच विचारलं, "यांच्याकडे घरात कोणी बघत नाही का?"

वॉचमन म्हणाला, "मॅडम, ते द्यायला आलेत."

ते गृहस्थ म्हणजे आमच्या इमारतीतले लेले काका. बँकेतून निवृत्त झालेले. आणि ही पद्धत ज्यांनी लावली त्या गायकवाड मावशी आता डोंबिवलीत राहत नाहीत. पण त्यांचा धाक इथेच राहून गेलाय, भाडं न भरता.

मानपाड्याच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीच्या वासाच्या टप्प्यात आमची गल्ली आहे. एका हाताला आमची चार मजली इमारत, तिच्या मागे बैठी चाळ, आणि शेजारी 'साईकृपा' नावाची दुमजली म्हातारी इमारत. साईकृपात पहिल्या मजल्यावर मावशी एकट्या राहायच्या. नोकरी सगळी कल्याणच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत गेलेली. आयुष्यभर माईकवर गाड्या पुकारल्यामुळे निवृत्तीनंतरही त्या माणसाशी बोलत नसत, त्याला पुकारत असत. सकाळी आठला गल्लीत आवाज घुमायचा, "लक्ष द्या, लक्ष द्या. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींचं दूध उतू जात आहे. जोशींनी ताबडतोब आपल्या गॅसजवळ यावं." दूध त्यांना दिसायचं नाही. वास यायचा. ज्या गल्लीत चोवीस तास रसायनांचा वास असतो तिथे करपलेलं दूध ओळखणारं नाक म्हणजे काय नाक असेल!

उंची बेताची, चाल ताठ, केस तेल लावून घट्ट बांधलेले, हातात कायम छत्री. उन्हात, पावसात, घरात. छत्री उघडलेली मी क्वचितच पाहिली. ती दाखवण्यासाठी होती. कचरा कुठे पडलाय ते, रिक्षा कुठे लावायची ते, आणि चुकलेल्या माणसाला त्याची जागा.

माझं नाव क्रांती. हा माझा अपराध नाही. आमच्या घरी देव नव्हते, पत्रकं होती. बाबा कामगार चळवळीतले, पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, वाटायचे. उरलेल्यांचे गठ्ठे पलंगाखाली, कपाटावर, माझ्या उशाशी. 'कमळ बघ' वाचायच्या आधी मी 'कामगार बंधूंनो, आता नाही तर कधी?' वाचलेलं. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या तोंडातून परिच्छेद बाहेर पडतो. मावशी तो पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर आहे. आता झाडू आण."

रोज त्या खालून छत्री उंचावून हाक मारायच्या, "क्रांती, खाली ये!" आणि बाबा पेपरातून मान वर करून आईला म्हणायचे, "बघ, जे मला तीस वर्षांत जमलं नाही ते ही बाई रोज सकाळी करते."

मावशींचं सगळं तत्त्वज्ञान त्या खिडकीत तयार झालेलं. त्या म्हणायच्या, "खिडकीत बसून मला एक कळलं. माणूस 'पुण्याची गाडी कधी' असं विचारतो, तेव्हा त्याला गाडीच पाहिजे असते असं नाही. कधी त्याला संडास कुठंय ते पाहिजे असतं, कधी नुसतं बसायला बाकडं. म्हणून आधी विचारायचं. न विचारता द्यायला आपण काय पाऊस आहोत?"

देण्याच्या बाबतीत बाई अशा पक्क्या. घेण्याच्या बाबतीत मात्र पूर्ण अडाणी. गायकवाड मावशींना कुणाकडून काही घेता येत नसे. अगदी चहासुद्धा. कुणाकडे बसायला गेल्या तर "आत्ताच घेतला" हे वाक्य चपला काढायच्या आधी. कुणी वाटीतून काही पाठवलं, तर ती वाटी धुऊन, भरून, तासाभरात परत. लेले काकूंनी एकदा पुरणाची वाटी पाठवली. नेऊन देणारी मीच. मी परत जिना चढत होते तर मागून मावशी, हातात तीच वाटी, तिच्यात शेंगदाण्याची चटणी. काकूंना हा अपमान वाटला. त्यांनी संध्याकाळी वाटीत साखरांबा पाठवला. मावशींकडून ठेचा आला. मग मुरांबा, मग जवसाची चटणी. आठवडाभर हे युद्ध चाललं. लेले काकांचं पोट बिघडलं तेव्हा दोन्ही बाजूंनी तोफा थांबवल्या. शेवटची वाटी अर्थातच मावशींनी परत केलेली. काकू म्हणाल्या, "या बाईला हरवता येणार नाही. हिच्याकडे रिकामी वाटी राहूच शकत नाही."

इतरांना मात्र त्या बजावायच्या, "घेण्यात लाज कसली? आज तुझ्या घरात पाणी, उद्या माझ्या घरात." माझ्या घरात पाणी आलं तर मी काय करीन, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पुढे ते विचारायची वेळ आली, तिथपर्यंत मी येणारच आहे.

आधी काकांच्या पँटीबद्दल सांगते.

मी कॉलेजात होते. त्या वर्षीही खाडीचं पाणी वस्तीत शिरलेलं. गल्लीतल्या सगळ्यांना कळवळा आला, आणि आपल्याकडे कळवळा आला की पहिल्यांदा माळा साफ होतो. आमच्या गेटपाशी ढीग जमला. त्यात एकाच पायातला बूट होता. लग्नातले तीन टाय होते. बटणं नसलेली शेरवानी होती, पोहताना लावायचा चष्मा होता. पूर आलाय म्हटल्यावर कुणीतरी विचारपूर्वकच दिला असणार. अंगठ्याएवढ्या भोकांच्या बनियनी तर इतक्या, की वाटावं गोळीबार झालाय.

मावशींनी ढिगाकडे पाहिलं. छत्रीच्या टोकाने एक बनियन उचलली, तिच्या भोकातून गल्लीकडे पाहिलं आणि पुकारलं, "लक्ष द्या. आजपासून या गेटवर कपडे घालून दाखवल्याशिवाय घेतले जाणार नाहीत."

नेमके त्याच वेळी लेले काका एक पँट घेऊन आले. कडक इस्त्री, घडी अशी की बोट कापावं.

"लेले, घालून दाखवा."

"अहो बाई, ही पूरग्रस्तांसाठी आहे."

"मग पूरग्रस्त काय घडी बगलेत धरून फिरणार? घाला."

काका वॉचमनच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते दोन्ही हात पोटाखाली जोडून, फोटोसाठी उभे राहतात तसे.

"हात वर करा," मावशी म्हणाल्या.

काकांनी एक हात वर केला.

"दोन्ही."

"बाई, चेन जरा... म्हणजे तशी चांगली आहे, फक्त लागत नाही. आणि हुक नाही."

"पूरग्रस्ताला चेन लागत नाही का? त्याचं घर वाहून गेलंय लेले, लाज नाही वाहून गेली."

गल्ली हसली. काका लाल झाले. पँट सांभाळत, घसरत घसरत घरी गेले. आम्हाला वाटलं, गेले, आता हा माणूस जन्मात गेटवर येत नाही. अर्ध्या तासाने आले. अंगात निळा शर्ट, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलीने आणलेला, एकदाच घातलेला. गेटवर उभे राहून त्यांनी दोन्ही हात न सांगता वर केले, गोल फिरले, शर्ट काढून ठेवला आणि बनियनवर परत गेले. ताठ मानेने. त्या बनियनला भोकं होती.

मला लेले काका त्या दिवसापासून आवडतात. आपल्या देशात चुकल्यावर घरी जाऊन दार लावून घेणारे पुष्कळ आहेत. चुकल्यावर शर्ट बदलून येणारे कमी.

दुसरा नियम कॅरमचा. मावशी कुणाच्या हातात काही देऊ देत नसत. जे द्यायचं ते कॅरमच्या बोर्डावर ठेवायचं, ज्याला पाहिजे त्याने येऊन आपल्या हाताने उचलायचं. मी विचारलेलं, एवढा खटाटोप कशाला. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी सांगितलं, आणि त्या वेळी पुकारून नाही सांगितलं.

"देशावर आमचं गाव नदीकाठी. मी लहान असताना पूर आला. वस्ती आमची, तीच सगळ्यात खाली. मग वरच्या आळीतून धान्य द्यायला आले. आईने पदर पसरला. त्यांनी हात एवढा वर धरला," त्यांनी घडी खाली ठेवून हातभर अंतर दाखवलं, "शिवायला नको म्हणून. अर्धे दाणे पदरात, अर्धे चिखलात. आई चिखलातले वेचत बसली, आणि ते म्हणाले, बघा, किती दिलं." मग त्या सदऱ्याची घडी पुन्हा नीट घालत म्हणाल्या, "बोर्डावरून उचललं की कुणाचा हात वर नाही, कुणाचा खाली नाही. एवढंच."

माझ्या उशाशी समतेवरची पत्रकं गठ्ठ्याने होती. कॅरमच्या बोर्डाबद्दल त्यातल्या एकातही लिहिलेलं नव्हतं.

तर या बोर्डासमोर एके दिवशी भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव सांगत नाही. नाव सांगण्यात अर्थही नाही, प्रत्येक भागाला एक भाऊ असतोच. पाठीमागच्या चाळीत पाणी शिरलेलं. भाऊ टेम्पो भरून पिशव्या घेऊन आले. पिशवीत तांदूळ, डाळ, तेल. पिशवीवर हात जोडलेले भाऊ. सोबत फोटोग्राफर. चाळीतल्या बायकांना रांगेत उभं केलं, आणि मावशी कॅरम घेऊन मध्ये आल्या.

"पिशव्या इथे ठेवा. लोक उचलतील."

"काय गो मावशी," भाऊ हसत म्हणाले, "माझ्या हातानं देतो ना. लोकांना पण बरं वाटतं."

"लोकांना विचारलं?"

भाऊंनी लोकांकडे पाहिलं. लोकांनी जमिनीकडे पाहिलं.

"अगो, मग फोटो कसा काढायचा?"

"कॅरमचा काढा."

"आणि मी?"

"तुम्ही प्रत्येक पिशवीवर आहातच की," मावशी म्हणाल्या. "एवढे शंभर भाऊ उभे आहेत हात जोडून. आणखी एक कशाला?"

चाळीतली सुरेखा पहिल्यांदा हसली. मग सगळी रांग. भाऊ हुशार माणूस, हसणाऱ्या मतदारांशी भांडायचं नसतं हे त्याला पक्कं माहीत. पिशव्या बोर्डावर गेल्या. फोटोग्राफरने बिचाऱ्याने खरंच कॅरमचे फोटो काढले. भाऊंनी जाताना एक सोंगटी खिशात टाकलेली नंतर लक्षात आलं. राणी होती.

हे सगळं हसण्यासारखं. पण एक दुपार अशी आली की मावशीसुद्धा गप्प झाल्या.

वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला. आधी जमीन हलली, मग आवाज आला, आणि मग गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम खाली आल्या. धुराचा एक मोठा उलटा डोंगर आभाळात उभा राहिला. ज्यांच्या परवानगीने माणसांच्या उशाशी असले कारखाने उभे राहतात, त्यांची घरं नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला असतात, हे मी त्या दिवशी लिहून ठेवलं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

मावशी छत्री उघडून बाहेर आल्या. वरून काचा पडत होत्या. छत्री उघडलेली मी पाहिली ती अशी.

सोसायटीचे सेक्रेटरी गेट लावत होते. चाळीतली माणसं पोरांना कडेवर घेऊन आमच्या आवाराकडे धावत आलेली, कारण चाळीचे पत्रे उडालेले. सेक्रेटरी म्हणाले, "थांबा, थांबा. हॉल लहान आहे. आधी आपली माणसं."

मावशींनी पुकारलं, "ज्यांच्या काचा, पत्रे फुटलेत त्यांनी हात वर करा."

गेटच्या आतले आणि बाहेरचे सगळे हात वर झाले. सेक्रेटरींचाही झाला, सवयीने.

"ही आपली माणसं," मावशी म्हणाल्या. "उघडा."

सुरेखाचा नवरा वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला होता. त्याचा फोन लागत नव्हता. जो येईल तो सुरेखाला काहीतरी देत होता: बिस्किटं, पाणी, धीर. धीर तर इतके लोक देत होते की तिला श्वास घ्यायला जागा नव्हती. मावशींनी सगळ्यांना छत्रीने मागे सारलं, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"कुणी बोलू नका," सुरेखा म्हणाली.

आणि ती बाई, जिने आयुष्यात कधी माईक सोडला नाही, संध्याकाळपर्यंत एक अक्षर न बोलता तिथे बसून राहिली. अंधारून यायच्या सुमाराला सुरेखाचा नवरा चालत आला. पांढऱ्या धुळीने माखलेला, एका पायात चप्पल. आल्या आल्या म्हणाला, "चहा आहे का?" सुरेखाने त्याला आधी एक ठेवून दिली आणि मग रडली. त्या दिवशी सगळेच नवरे असे परत आले नाहीत. त्याबद्दल मला इथे विनोदाने लिहिता येणार नाही, म्हणून लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बिस्किटांचे डोंगर साठले. मावशी घरोघर फिरून विचारून आल्या. बिस्किटं कुणालाच नको होती. लोकांना झाडू पाहिजे होते, फोन चार्ज करायला जागा पाहिजे होती, बायकांना पॅड पाहिजे होते, आणि सगळ्यांना फुटलेल्या खिडक्यांवर चिकटवायला कागद. जाड कागद. पुष्कळ.

त्यांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. "क्रांती, बाबांचे गठ्ठे काढ."

बाबा पलंगाच्या कडेला उभे राहिले, पोटच्या पोराला सैन्यात पाठवताना राहतात तसे. म्हणाले, "एकेक प्रत ठेवा." मग आम्ही खळ शिजवली आणि सबंध गल्लीच्या, चाळीच्या, साईकृपाच्या खिडक्यांना पत्रकं चिकटवली, छापील बाजू घराच्या आत. वारा थांबला आणि वाचन सुरू झालं. जेवताना समोर 'गुलामाला गुलामीची जाणीव होऊ द्या'. भांडी घासताना 'संघटित व्हा'. जोशी वहिनींच्या स्वयंपाकघरात 'चूल ही फक्त बाईची नाही' आलं, आणि चार दिवसांत जोशी कांदा चिरताना दिसले. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, की त्यांच्या बेडरूममध्ये 'मालका, तुझे दिवस भरले' असं लावलंय, झोप लागत नाही. बाबांनी ते आनंदाने बदलून दुसरं दिलं. ते पाण्याच्या हक्काबद्दल होतं. पुढच्याच मीटिंगमध्ये सेक्रेटरी टँकरवर पोटतिडकीने बोलले. तीस वर्षांच्या चळवळीत बाबांना एवढे वाचक कधी मिळाले नव्हते. काचा बसल्या तेव्हा ते थोडे खिन्नच झाले.

आणि मग साईकृपाची पाळी आली.

स्फोटाच्या हादऱ्यानंतर त्या इमारतीला भेगा पडलेल्या. महापालिकेने धोकादायक म्हणून पाटी लावली. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून नातेवाइकांकडे गेली. मावशी गेल्या नाहीत. त्यांची भाची सुजाता कोपरीला राहते, स्टेशनजवळ. ती दर रविवारी न्यायला यायची, मावशी तिला जेवायला घालून परत पाठवायच्या. म्हणायच्या, "आठ दिवस पाहुणी, नवव्या दिवशी ओझं." सुजाता रडायची. लेले काकूंनी आपली एक खोली रिकामी करून ठेवली. "आत्ताच जेवले," मावशी म्हणाल्या. कुणी जेवणाचं विचारलेलं नसताना.

श्रावणातल्या एका दुपारी, लागून राहिलेल्या पावसात, त्यांच्या आतल्या खोलीचा स्लॅब कोसळला. त्या स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. आम्ही धावलो तर त्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर येऊन बसलेल्या. नखशिखांत सिमेंटचा चिखल, साडी फाटलेली, केस सुटलेले. हातात छत्री. सुटलेल्या केसांतल्या मावशी आम्ही कुणी कधी पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

अग्निशमनवाले आले. त्यांच्यातला एक जवान जिन्यापाशी जाऊन म्हणाला, "मावशी, चला लवकर. खालचा खांब फुगलाय."

"माझं कपाट काढून द्या. मग येते."

"कपाट स्लॅबखाली गेलं हो."

"मग साडी नाही माझ्याकडे. ही अशी मी गल्लीत येणार नाही."

"उचलून नेऊ का?"

"हात लावून बघ."

जवानाने छत्रीकडे पाहिलं. आगीत शिरणारा माणूस, पण एक पायरी मागे आला. आम्हाला हळूच म्हणाला, "जिना अरुंद आहे. झटापट झाली तर आधी जिनाच जाईल. समजावा तुम्ही, पण पटकन."

सुजाता कोपरीहून आलेली, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी करून खालून रडत होती, "अगं मावशी, ये ना गं!" भिंतीचा एक टवका सुटून पायरीवर पडला. लेले काकू गुडघ्यांमुळे उतरू शकत नसत. त्यांनी वरून आपला कोरा गाऊन काकांकडे टाकला. मोठमोठ्या जांभळ्या फुलांचा. काकांनी तो उंच धरला. "बाई, हा घ्या. कोरा आहे."

जिन्यावरून आवाज आला. थकलेला, पण माईकवरचाच. "घालून दाखवल्याशिवाय कपडे घेतले जात नाहीत. नियम आहे."

आमच्या लक्षात आलं, बाई नियमाच्या मागे लपतायत. लोकांची लाज राखायला केलेला नियम त्यांनी आपल्या दाराला कडी म्हणून लावला होता. घेण्यापेक्षा त्यांना ती इमारत अंगावर पडलेली परवडली असती. माझ्या तोंडात परिच्छेद तयार होत होता. तो कधीच कुणाच्या उपयोगी पडला नाही, तेव्हाही पडला नसता. मी गाऊन मागायला हात पुढे केला.

"क्रांती, तू सरक," काका म्हणाले. "हे प्रकरण माझं आहे."

आणि सबंध गल्लीसमोर, अग्निशमन दलासमोर, भर पावसात, लेले काकांनी शर्ट-पँटीवरून तो जांभळ्या फुलांचा गाऊन डोक्यातून घातला. पोटापाशी अडकला. जवानाने मागून ओढून खाली केला. काका जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी गेले. चष्म्यावर पाणी, गाऊनखाली बँकेचे काळे बूट.

"घातला," काका म्हणाले. "हात वर करू?"



काकांनी दोन्ही हात वर केले. काखेत चर्र आवाज झाला. साऱ्या गल्लीला ऐकू गेला. काका हात खाली न घेता एकदा गोल फिरले.

जिन्यावर आधी काहीच हललं नाही. मग छत्री हलायला लागली. मग खांदे. भिंतीकडे तोंड करून मावशी हसत होत्या. हसता हसता त्या वळल्या, आणि चिखलाने भरलेल्या चेहऱ्यावर डोळ्यांखाली दोन स्वच्छ रेघा दिसल्या. त्या हसण्याच्या होत्या की कशाच्या, ते मी विचारलं नाही. त्यांनीच शिकवलेलं, की विचारावं. पण सगळंच नाही.

काकांनी गाऊन उतरवला, दोन पायऱ्या चढले आणि एकदम थबकले. मागे वळून ओरडले, "कॅरम! अरे, कॅरम आणा रे कुणीतरी!"

सुरेखाचा नवरा बोर्ड आणायला धावला. तो घेऊन येईपर्यंत काका गाऊनची घडी घालून तसेच उभे, बोट कापावं अशी घडी घालायचा प्रयत्न करत. बोर्ड आला. काका तो पायरीवर टेकवायला वाकले.

"राहू दे, लेले," मावशी म्हणाल्या. "हातात द्या."

त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. काकांनी घडी त्या तळव्यावर ठेवली आणि आपला हात लगेच काढला नाही.

मावशी उतरल्या. आमच्या घरी अंग धुतलं, केस घट्ट बांधले, आणि गाऊन घालून बाहेर आल्या तेव्हा छत्रीने काखेकडे बोट, म्हणजे टोक, करून म्हणाल्या, "उसवलाय." काका म्हणाले, "मी सांगतच होतो, कपडे घालून बघायची पद्धत वाईट." आईने चहा दिला. सगळे श्वास रोखून ऐकत होते. "आत्ताच घेतला" आलं नाही. दोन कप प्यायल्या.

साईकृपाची मागची बाजू त्याच संध्याकाळी खाली बसली. आत कुणी नव्हतं.

मावशींना मी नीट पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. सुजाताच्या रिक्षात त्या बसल्या, जांभळ्या फुलांत, ताठ, छत्री गुडघ्यांमध्ये उभी. काकूंनी वरून माझ्या हाती एक वाटी पाठवली, पुरणाची, वर तूप. मला भीती वाटली, ही बाई आता रिक्षा थांबवून चटणी करायला बसेल. त्यांनी वाटी घेतली, मांडीवर ठेवली, तिच्यावर पदर घालायला गेल्या आणि गाऊनला पदर नाही हे लक्षात आल्यावर तिच्यावर हात ठेवला. रिक्षा सुरू झाली. वळणावरून आवाज आला, "लक्ष द्या. जोशींचं दूध उतू जात आहे."

खरंच जात होतं.

ती वाटी कोपरीहून अजून परत आलेली नाही. काकू ती कुणाला मागू देत नाहीत.